कोपेश्वराच्या शेजारी

खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर नंदी नाही. शिवाच्या देवळात गेल्यावर आधी नंदीच्या पाठीवर हात ठेवायचा, त्याच्या शिंगांमधून पिंडीकडं बघायचं, ही आपल्या हातापायांना लागलेली सवय. इथं हात तसाच मोकळा राहतो. देऊळ पूर्ण आहे, कोरीवकामानं ओथंबलेलं आहे, तरी कुणीतरी उठून गेलंय असं वाटत राहतं. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो सांगतो: नंदी सतीला घेऊन यडूरला गेला, माघारी आला नाही, म्हणून देव कोपलाय.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या वळणात हे गाव आहे. कुरुंदवाड, सैनिक टाकळी करत उसाच्या फडांतून आणि वांग्याच्या मळीतून रस्ता येतो. पुढं नदी, नदीपलीकडं जुगूळ, आणि जुगूळ कर्नाटकात. यडूरही कर्नाटकात, चिक्कोडी तालुक्यात. माझं माहेर तिकडचं आणि सासर शिरोळ तालुक्यातलं. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि नोकरीभर संस्कृत, असं माझं आयुष्य गेलं. त्यामुळं ही कथा मी दोन्ही अंगांनी ऐकली. माहेरी सांगायचे की दक्षानं यज्ञ मांडला तो आमच्या यडूरला. सासरी सांगायचे की जावई रुसून बसला तो आमच्या खिद्रापूरला. सीमा १९५६ साली आखली गेली. कथा त्याच्या कितीतरी आधी या दोन गावांत वाटून ठेवलेली होती, आणि एका गावाचं देऊळ दुसऱ्या गावाशिवाय कळत नाही अशी ती वाटणी आहे.

मला अनेक वर्षं छळणारा प्रश्न असा: कोपलेला देव पूजेला योग्य कसा? शाळेत मी गीता शिकवली. सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन दारं सांगितली आहेत. दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, त्यातून स्मृतीचा गोंधळ आणि शेवटी बुद्धीचा नाश अशी घसरगुंडी पायरीपायरीनं दाखवली आहे. पैठणच्या एकनाथांच्या अंगावर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि नाथ प्रत्येक वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, ही गोष्ट मी वर्गात सांगितली की मुलं गप्प व्हायची. आपल्या संतपरंपरेनं राग गिळणाऱ्याला मोठं म्हटलं. मग शेकडो वर्षं लोक डोक्यावर बेलाची पानं घेऊन ‘कोपेश्वर’ अशा नावाच्या देवापुढं का उभे राहतात?

उत्तर मला वाटत होतं त्याहून जुनं निघालं. शिवाच्या अभिषेकाला जो रुद्र म्हणतात, तैत्तिरीय संहितेतला, त्यात पहिलं वंदन रुद्राला थेट नाही. ते त्याच्या क्रोधाला आहे. मग बाणाला, मग धनुष्याला, मग हातांना. म्हणजे ज्या ऋषीनं हे रचलं त्याला देवाचा राग दिसत होता आणि तो राग नाही असं भासवण्याची त्याला गरज वाटली नाही. त्यानं आधी त्याला नमस्कार केला आणि मग, हे बाण आमच्याकडं रोखू नकोस, अशी विनवणी केली. आपण रोज जो रुद्र ऐकतो त्याची पहिली ओळच आपल्याला हे सांगत असते.

खिद्रापूरच्या देवळात शिरलं की पहिल्यांदा स्वर्गमंडप लागतो. वर्तुळाकार, आणि मधोमध छत नाही. सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आकाश वर उघडं, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढ्याच आकाराची एक गोल शिळा. भोवती बारा खांबांचं कडं. कडेला आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल. गावकरी सांगतात की या शिळेवर यज्ञ व्हायचे आणि धूर त्या गोलातून वर जायचा. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलात येतो तेव्हा लांबून माणसं येतात. पण मला त्या मंडपात नेहमी धुराचीच आठवण होते, आणि ज्या यज्ञावरून हे सगळं घडलं त्याची.

भागवताच्या चौथ्या स्कंधातली ती कथा मी किती वेळा वाचली असेन. कथा माहेराची आहे. सतीला माहेरचं बोलावणं नाही. आकाशातून देवांच्या बायका नटूनथटून निघालेल्या ती पाहते आणि तिचा जीव राहत नाही. शिव सांगतो, जाऊ नकोस, तुझा अपमान होईल. ती जाते. मुराळी आलेला नसतो, म्हणून सासरकडून सोबतीला नंदी पुढं घालून शिवाचे गण निघतात. माहेरच्या मांडवात आई आणि बहिणी तिला डोळ्यांत पाणी आणून मिठी मारतात, बाकी सगळे दक्षाच्या भीतीनं गप्प. बाप तिच्याकडं बघत नाही. मग तिला दिसतं की यज्ञात सगळ्या देवांचे हविर्भाग ठेवलेत, शिवाचा ठेवलेलाच नाही. भागवतात ती योगाग्नीनं देह टाकते. आमच्याकडं म्हणतात की तिनं यज्ञकुंडात उडी घेतली.

पुढचा भाग सांगताना लोक घाई करतात आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिवाच्या जटेतून वीरभद्र निघतो आणि यज्ञ उधळतो. या संहारात भागवतकारानं फार बारीक हिशोब ठेवलाय. भृगूची दाढी उपटली जाते, कारण शिवाची निंदा चालली असताना तो दाढी दाखवत हसला होता. भगाचे डोळे काढले जातात, कारण त्यानं डोळ्यांनी दक्षाला खुणावून उत्तेजन दिलं होतं. पूषाचे दात पडतात, कारण तो दात काढून हसला होता. दक्षाला शिक्षा होणारच होती. पण जे नुसते शेजारी बसून हसले, ज्यांनी नुसता डोळा मिचकावला, त्यांचीही नोंद त्या रागानं ठेवली होती. यडूरला आज वीरभद्राचं मोठं देवस्थान आहे, कृष्णेच्या काठी, आणि दोन्ही राज्यांतली माणसं तिथं जातात. लहानपणी त्या वीरभद्राची मला भीती वाटायची. आता वाटत नाही. तो साक्षीदारांचा देव आहे, असं मला वाटतं: मांडवात बसून गप्प राहिलेल्यांना ‘तू काय करत होतास?’ असं विचारणारा.

खिद्रापूरच्या गाभाऱ्यात अंधार आहे. डोळे सरावायला वेळ लागतो. सरावले की दिसतं, लिंगं दोन आहेत. एक कोपेश्वर, दुसरा धोपेश्वर. धोपेश्वर म्हणजे विष्णू, कोपलेल्या शिवाची समजूत घालायला आलेला आणि इथंच थांबलेला, अशी श्रद्धा. शैव आणि वैष्णव एकाच गाभाऱ्यात, याचं कौतुक बहुतेक लेखांत वाचायला मिळतं आणि ते खरंच आहे. पण मला त्या अंधारात पंथांच्या ऐक्याहून साधी गोष्ट दिसते. जो रागावलाय त्याच्या शेजारी कुणीतरी बसून आहे. त्याला उठवून लावलेलं नाही, त्याचं नाव बदलून ‘शांतेश्वर’ केलेलं नाही, आणि समजूत घालून झाली म्हणून समजूत घालणारा निघूनही गेलेला नाही.

समजूत कशी घातली गेली, हे मात्र नीट बघायला हवं. भागवतात देव ब्रह्मदेवाकडं धाव घेतात, यज्ञ मोडला म्हणून रडतात. ब्रह्मदेव त्यांना सांगतो की ज्याचा भाग होता त्याला तो नाकारून तुम्ही अपराध केलात, आता त्याचे पाय धरा. ते कैलासावर जातात. शिव वडाखाली शांत बसलेला असतो. देव त्याला ‘शांत हो’ असं म्हणत नाहीत. यज्ञातला तुझा भाग तुझा, असं ते म्हणतात. मग दक्षाला बोकडाचं डोकं मिळून तो जिवंत होतो, पूषा यजमानाच्या दातांनी खातो, भग मित्राच्या डोळ्यांनी बघतो, आणि शिवाचा भाग ठेवून तो यज्ञ पुरा होतो. आधी भाग, मग शांती. हा क्रम उलटा केला की कथेचा अर्थ बुडतो, आणि आपण आपल्या घराघरांत तो रोज उलटा करतो.

हे मी माझ्या धाकट्या बहिणीकडं बघून शिकले. वडील गेल्यावर भावानं आम्हा दोघींपुढं हक्कसोडपत्र ठेवलं. मी सही केली. माझा भाऊ मला वर्षाला साडी नेसवतो, माझ्या मुलांना मामा आहे, आणि मला जमीन नको होती. ते मी राजीखुशीनं केलं. बहिणीनं सही केली नाही. तिचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. ‘आक्का, जमिनीचं मी काय करीन ते मी बघीन. पण मला विचारलं न्हाई. सहीची जागा तेवढी दाखवली.’ कायदा तिच्या बाजूनं आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. तिला भावाविरुद्ध कायदा वापरायचा नव्हता. तिला राग आला होता, आणि तो राग कुणी ऐकून घेतला नाही. चुलते, आत्या, मावश्या, ओळखीचे, सगळ्यांनी तिला एकच औषध दिलं: शांत हो, माहेर तुटंल. त्यातल्या एकानंही भावाला जाऊन म्हटलं नाही की तिचा हिस्सा आधी मोजून बाजूला ठेव, मग ती देईल की ठेवील ते तिचं तिला ठरवू दे.

तेव्हा मला पूषाचे दात कळले.

शेजारी राहणाऱ्या जैन काकूंनी मला या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. खिद्रापुरात आदिनाथांचं जुनं जैन मंदिरही आहे, कोपेश्वरापासून जवळच, आणि आमच्या शिरोळ तालुक्यात दिगंबर जैन शेतकऱ्यांची घरं गावोगावी. जैन विचारात क्रोध हा चार कषायांतला पहिला. मान, माया आणि लोभ त्याच्यामागून येतात. जीवाला कर्म चिकटवणारा तो डिंक. काकूंनी मला त्याचे चार प्रकार सांगितले. एक राग दगडावरच्या रेघेसारखा, जन्मोजन्मी न पुसणारा. दुसरा मातीतल्या भेगेसारखा, पाऊस पडला की बुजणारा. तिसरा वाळूतल्या रेघेसारखा, वाऱ्यानं जाणारा. चौथा पाण्यावरच्या रेघेसारखा, काढता काढता मिटणारा. साधकानं दगडाकडून पाण्याकडं यायचं.

खिद्रापूरच्या नदीकाठी उभं राहिलं की या चारही गोष्टी एका नजरेत येतात. मागं बाराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन, नदीची वाळू आणि पाणी. काकूंची शिकवण मी मनापासून मानते. माझ्या बहिणीच्या रागाचा दगड होऊ नये, तो तिला आतून कुरतडू नये, ही माझी रोजची प्रार्थना आहे. पण एक गोष्ट मी काकूंपाशी बोललेही होते. भेग पावसानं बुजते. पाऊस न पाडता भेगेलाच ‘तू का बुजत नाहीस’ म्हणून बोल लावायचा, हा धर्म नव्हे. काकू म्हणाल्या, क्षमा मागायला आमच्यात वर्षातून एक दिवस ठरवून ठेवलाय, तो याचसाठी. क्षमा करण्याआधी क्षमा मागणं येतं, हे त्यांच्या परंपरेनं नेमून दिलं. मला ते फार थोर वाटतं.

आणि रागाचा दगड होतो तेव्हा काय होतं, तेही याच परिसरात लिहिलेलं आहे. चोळ आणि चालुक्य यांच्यात १०५४ साली कोप्पम इथं मोठी लढाई झाली. चोळ राजा राजाधिराज हत्तीवर बसलेला असताना मारला गेला, आणि त्याच्या भावानं रणांगणावरच राज्याभिषेक करून घेऊन लढाई फिरवली. हे कोप्पम म्हणजे आपलं खिद्रापूर, असं फ्लीटसारख्या अभ्यासकानं मानलं. इतरांनी दुसरी गावं सुचवली. कोपेश्वराच्या देवळाला खालून गजपट्ट आहे, देवळाचा भार पाठीवर घेतलेल्या हत्तींची रांग. बहुतेकांच्या सोंडा फुटलेल्या. लढाई इथं झाली असो वा नसो, त्या रांगेसमोरून चालताना तो हत्तीवर मेलेला राजा मला आठवतो. दोन घराण्यांच्या पिढ्या एकमेकांच्या रागावर जगल्या, आणि त्या रागाशेजारी धोपेश्वर कुणी नव्हता. पुढं शिलाहारांनी इथं देऊळ उभं केलं, आणि तेराव्या शतकाच्या आरंभी यादव राजा सिंघणानं कोपेश्वराच्या पूजेसाठी गाव दान दिल्याचा संस्कृत शिलालेख देवळात आहे. जिंकणाऱ्या राजालाही इथं येऊन देवाचा भाग बाजूला काढावा लागला.

आमच्या नदीलाही कोप होतो. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पावसाळ्यात पाणी चढतं, उत्तरेकडून देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला माणसं मिळेल त्या गाडीनं धावतात. मीही गेले आहे. पाणी दाराशी आलं की त्याला भिऊन शिव्या न देता त्यात उतरून डोकं टेकवणारी ही माणसं मला आपली वाटतात. पण तेच पाणी ऑगस्ट २०१९ मध्ये घरांत शिरून दिवसचे दिवस बसलं, तेव्हा सोहळा नव्हता. गोठ्यातली जनावरं गेली, भिंती बसल्या, उसाची मुळं कुजली. माझ्या सासरीही आणि माहेरीही.

पूर ओसरला की माणसांचा कोप सुरू होतो. इकडचे म्हणतात, अलमट्टीचं पाणी मागं तुंबतं. धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा बेत आहे, त्याला आमच्याकडं कडाडून विरोध. उन्हाळ्यात उलटं. राजापूर बंधारा महाराष्ट्रातला कृष्णेवरचा शेवटचा. त्याच्या खाली नदी कोरडी पडली की तिकडचे म्हणतात, वरच्यांनी पाणी अडवलं. पावसाळ्यात एकाचा राग, उन्हाळ्यात दुसऱ्याचा. इथं कोण बरोबर, ते धरणशास्त्र जाणणाऱ्यांनी मोजून सांगावं. मी एवढंच बघितलंय की दोन्ही काठांवरच्या माणसाला राजधानीतून मिळणारं उत्तर सारखंच असतं: संयम ठेवा. कुणाचं किती पाणी, कुणाचं किती नुकसान, हे त्याच्यासमोर बसून मोजणारा माणूस त्याला क्वचित भेटतो. मदतीच्या यादीत नाव नसलेल्या बाईला संयम शिकवणं म्हणजे हविर्भाग न ठेवता शिवाला ध्यानाचा उपदेश करणं.

मुक्ताबाईची आठवण या ठिकाणी येते. ज्ञानेश्वर लोकांच्या बोलण्यानं दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण दाराबाहेर उभी राहिली आणि ताटी उघडा म्हणून विनवत राहिली. ते ताटीचे अभंग मराठी माणसाला रागाबद्दल मिळालेला सर्वांत मायेचा उपदेश आहे. पण तो कोणी दिला हे विसरू नये. जिला तोच समाज तीच बोलणी ऐकवत होता, जी त्याच झोपडीत उपाशी राहिली होती, तिनं तो दिला. ज्याच्या अंगाला झळ लागली नाही त्यानं ते शब्द उचलून दुसऱ्याच्या दारात म्हटले तर ते अभंग राहत नाहीत, दटावणी होते. धोपेश्वर होण्यासाठी आधी त्या अंधारात जाऊन बसावं लागतं.

मग कोपलेला देव पूजेला योग्य आहे का? माझं उत्तर हो असं आहे. त्याचा कोप दुःखातून आलाय, अन्यायाला त्यानं अन्याय म्हटलंय, आणि भाग मिळाल्यावर मोडलेला यज्ञ त्यानं स्वतः पुरा करून दिलाय. या तिन्हींतलं एक जरी कमी असतं तरी मी तिथं बेल वाहिला नसता. नुसतं उधळून लावायला वीरभद्रही पुरेसा होता. यज्ञ परत मांडायला शिव लागला. गीतेनं ज्या क्रोधाला नरकाचं दार म्हटलं तो कामातून, हवं ते न मिळाल्यानं उगवणारा क्रोध आहे. दुसऱ्याच्या अपमानानं जळणाऱ्या माणसाला त्या दारात उभं करणं मला गीतेचाही अपमान वाटतो.

आता मी खिद्रापूरला जाते तेव्हा बेल आणि तुळस दोन्ही नेते. धोपेश्वरापाशी मी जास्त वेळ बसते, कारण त्याचं काम मला शिकायचंय. भावाकडं मी दोनदा-तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला, मग गप्प राहिला, आणि गेल्या खेपेला त्यानं मोजणीचा अर्ज दाखवला. अजून उताऱ्यावर बहिणीचं नाव चढलेलं नाही. ती माहेरी जात नाही, आणि मीही तिला जा म्हणून सांगत नाही.